खाट प्रकल्प : कामाच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

उपासनेनंतर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत जे ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी "मला कुठे कोणी सांगितलं?" म्हणायला नको.

आजारी कोण : आमचे मास्तर. वय ६१, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, राहणार प्रभादेवी, शनिवारच्या धावण्याच्या टोळीतले सगळ्यांत नेमाचे. काय झालंय : ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, तोही घाईचा. जानेवारीत माहीमहून अर्धमॅरेथॉन धावताना पेडर रोडच्या चढावर आम्हाला मागे टाकून गेलेला हा माणूस जूनमध्ये शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी होते न होते तोच टेकायला लागला. ती फेरी सव्वा किलोमीटरचीही नाही. हळू पळतानाही घड्याळात नाडी १७०. ते म्हणायचे, पावसाळी हवा आहे. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी दाताला हात न लावता आधी रक्त तपासून या म्हणून सांगितलं. हिमोग्लोबिन ७, प्लेटलेट १८ हजार. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असायला हव्यात.

प्रकल्प हा शब्द आमच्यातल्या धाकट्याचा. तो इंजिनीअरिंगला आहे, त्याला सगळ्याचा तक्ता लागतो. खाट हे नाव पाळकसाहेबांचं, बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून. कफर्णहूमात घर माणसांनी भरलेलं, दारातून आत जायला वाट नाही, म्हणून चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती मित्राला खाटेसकट खाली सोडलं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "खाटेला चार कोपरे असतात. कोण कुठला धरणार ते सांगा." प्रवचन नाही. बरं वाटलं.

चार कोपरे ठरले. रक्त आणि प्लेटलेटचं सिस्टर बघणार, त्या पंचवीस वर्षं वॉर्डात आहेत. ने-आण बेस्टवाल्या काकांकडे, कारण मुंबईचा रस्ता त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. डबा महिला मंडळाकडे. कागद माझ्याकडे, कारण मी हिशेबनीस आणि मेडिक्लेमवाल्यांशी भांडायला मला आवडतं.

२६ जुलै, शनिवार

मास्तर परळला टाटा रुग्णालयात दाखल झाले. सात दिवस एक औषध चोवीस तास थेंबथेंब चालू, त्यातले पहिले तीन दिवस दुसरं, नारिंगी-लाल रंगाचं. मास्तर नळीकडे बघून म्हणाले, "शेंदरी नव्हे, व्हर्मिलियन." लघवीही त्याच रंगाची होते, घाबरू नका, असं सिस्टरने वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे एक रात्र वाचली.

आज सिस्टरने टोळीला कट्ट्यावर बसवून प्लेटलेटचं गणित समजावलं. ते इथे सविस्तर लिहिते, कारण पुढे सगळं यावरच चालणार आहे. औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. दोनेक आठवडे शरीर स्वतःच्या प्लेटलेट बनवूच शकत नाही, तेव्हा बाहेरून द्यायच्या. साध्या रक्तदानाच्या पिशव्यांतून वेगळ्या काढल्या तर एका मात्रेला चार-सहा दाते लागतात. दुसरी तऱ्हा एसडीपीची (सिंगल डोनर प्लेटलेट) : दाता एकच, त्याचं रक्त यंत्रात जातं, प्लेटलेट तेवढ्या बाजूला होतात आणि लाल पेशी त्याच्याच अंगात परत येतात. तास-दीड तास लागतो. पिशवी टिकते पाच दिवस, तीही २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवली तर. फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही.

म्हणून उत्साहाने पहिल्याच दिवशी सगळ्यांनी रांग लावणं कुचकामाचं. आज दहा जण आले आणि पुढच्या गुरुवारी एकही नाही, तर त्या दहांचा काय उपयोग? एकाच माणसाने पुन्हा द्यायचं तर मध्ये ४८ तास हवेत, आठवड्यात दोनदाच, वर्षात २४ वेळाच. पाळी लावायची ती यासाठी.

धावणाऱ्यांना एसडीपी सोयीची पडते, हे मला नवीन होतं. अख्खी पिशवी रक्त दिलं की हिमोग्लोबिन भरून यायला कित्येक आठवडे लागतात आणि चढावर ते कळतं. इथे लाल पेशी परत मिळतात, एक दिवस दमाने घेतलं की पुरे. मात्र तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. हे ऐकून दोघांचे चेहरे पडले. लाँग रनआधी गुपचूप गोळी टाकणारे कोण कोण, ते त्यानिमित्ताने उघड झालं.

बेस्टवाले काका साठीच्या पुढचे, शिवाय हृदयासाठी रोज ॲस्पिरिन, म्हणून बाद. मीही बाद : हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, माझं बाराच्या खाली. सिस्टरने तिथेच सगळ्यांदेखत लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

३ ऑगस्ट, रविवार

धाकट्याने पहिली पिशवी दिली. ओठांभोवती मुंग्या आल्या, कॅल्शियमची गोळी चघळायला दिली, थांबल्या. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे घालतात त्याने अंगातलं कॅल्शियम थोडं खाली येतं. आता तो स्वतःला अनुभवी समजतो.

डब्याचे नियम वहिनींनी सांगितले, ते महिला मंडळाला कळवले : कच्चं काही नको. कोशिंबीर, चटणी, घरचं लोणचं बंद. फळ सालीचंच, केळं किंवा मोसंबी. गरम शिजवलेलं, तासाभरात पोचवलेलं. फुलं अजिबात नकोत. पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर आहेत, फुलदाणीतलं पाणीसुद्धा घात करू शकतं. एका मावशींना वाईट वाटलं, त्यांनी निशिगंध आणला होता. तो वेदीवर ठेवला.

भेटींबद्दल थोडं परखड लिहिते. मंडळीच्या व्हॉट्सॲपवर मास्तरांना रोज वचनं येतात. "विश्वास ठेवा, देव बरं करणारच." "हा फक्त परीक्षेचा काळ." कोणीतरी स्वास्थ्यदानाच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, मोठ्या सभेची जाहिरात पाठवली. मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, माझा विश्वास कमी पडला म्हणून या पेशी वाढल्या का? तसं असेल तर शाळेतल्या अर्ध्या स्टाफला केव्हाच व्हायला हवा होता." हसले, मग बराच वेळ खोकले.

बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. पुढे अध्यायच्या अध्याय बोलले आणि शेवटी देवाकडून बोलणी खाल्ली. मार्कमधल्या त्या चौघांच्या तोंडी मात्र एक अक्षर नाही. खाट उचलली, छप्पर उसकटलं, दोर सोडले. आणि येशूने कोणाचा विश्वास पाहिला? "त्यांचा". खाटेवरच्या माणसाने आधी विश्वास दाखवावा अशी अटच नाही तिथे. आजाऱ्याकडे त्या घटकेला विश्वास नसला तरी चालेल, उचलणाऱ्यांकडे हात हवेत, असं मी समजते. पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, पुढच्या रविवारी तूच बोल. नको म्हटलं.

निर्णय : वचनं पाठवणं बंद. त्याऐवजी तक्त्यात नाव घाला.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, धो धो पाऊस. कालपासून कोस्टल रोडलगतचा समुद्रकाठचा पदपथ लोकांसाठी उघडला, म्हणून वरळीच्या बाजूने दोघं-तिघं पळून आलो. मास्तरांना फोनवर अंतर नको होतं, समुद्राचा रंग हवा होता. राखाडी म्हटलं तर रागावले. "कुठला राखाडी? निळ्याकडचा की मातीकडचा?" मातीकडचा.

प्लेटलेट ११ हजार. उद्याची पाळी भरलेली आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

बोन मॅरोचा निकाल आला : रेमिशन. वाईट पेशी दिसत नाहीत. याचा अर्थ बरे झाले असा नाही, औषधाच्या आणखी फेऱ्या लागणार, हे सिस्टरने प्रत्येकाला वेगवेगळं आणि एकत्रही सांगितलं. तरी लोकांनी पेढे वाटलेच.

घरी आणणं हे आजचं खरं काम होतं. गणपतीचे दिवस, लालबाग-परळ माणसांनी फुललेलं. काकांनी पहाटे पाचची वेळ ठरवली, रुग्णालयाशी बोलून कागद आदल्या संध्याकाळीच करून घेतले. ज्या रस्त्यावर गाडी लावली त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे, टाटा रुग्णालयातले कर्करोगाचे नामांकित सर्जन. १९४१ पासून हे रुग्णालय इथे उभं आहे आणि तेव्हापासूनच बहुधा कोणी ना कोणी याच फुटपाथवर पहाटेची वाट बघत असेल. एका मंडळाचे कार्यकर्ते रांगेचं नियोजन करत होते. मास्क लावलेले मास्तर पाहून न सांगता दोरी वर उचलून वाट करून दिली.

मेडिक्लेम : कंपनीने पहिला दावा अडवला, कारण एका कागदावर मधलं नाव नाही. मी मजेत आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल रात्रीपासून एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद झाला. प्रभादेवीकरांना परळ आता तोंडासमोर असून लांब. गाडीने दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून वळसा. दुसऱ्या फेरीसाठी मास्तर सोमवारी दाखल होतील, तेव्हा काकांनी दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी चालवून पाहिल्या आणि वहीत मिनिटं लिहिली. रात्री ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, अशी ताकीद आहे.

डब्यासाठी रेल्वेचा पादचारी पूल. धाकटा तो धावत पार करतो. आमटीचं झाकण घट्ट लावा अशी सूचना महिला मंडळाला दिली आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या खाटेवर बिहारचा एक मुलगा आहे, जेमतेम विशीतला. आई-वडील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत फुटपाथवर होते. वहिनींनी आपल्या डब्यातलं त्यांना द्यायला सुरुवात केली, मग मावश्या दोन डबे जास्त पाठवायला लागल्या. आज बैठकीत एक जण म्हणाला, आपला प्रकल्प मास्तरांसाठी आहे, असं वाढत गेलं तर निभणार कसं? मुद्दा बिनमहत्त्वाचा नव्हता, स्वयंपाक करणारे हात तेवढेच. पण मग सिस्टरने विचारलं, त्या मुलाला एसडीपी देणारं मुंबईत कोण आहे? तक्त्यात एक रकाना वाढला. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी हातात झाडू घेतला, आम्ही तर नुसता रकाना वाढवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजार परतला. डॉक्टरांनी मास्तर, वहिनी दोघांना बसवून सांगितलं. आणखी जोराचं औषध देता येईल, पण उपयोगाची शक्यता कमी, आणि आहेत ते दिवसही रुग्णालयात जातील. मास्तरांनी विचारलं, "औषध न घेता किती?" आठवडे.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासूनचं. मी आणि सिस्टर जाऊन चौकशी करून आलो. शांत जागा, वेदना आटोक्यात ठेवणं हेच काम, आणि ते नीट करतात. मास्तरांनी ऐकून घेतलं, पण घरच निवडलं. खिडकीतून उजेड डावीकडून येतो म्हणाले, चित्रकाराला तसाच हवा.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. मास्तरांनी दिलासा देणारं तेविसावं स्तोत्र नको म्हटलं, अठ्ठ्याऐंशीवं वाचा म्हणाले. ते स्तोत्र काळोखातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. पाळकसाहेबांनी ते पूर्ण वाचलं आणि आपल्याकडून काहीही जोडलं नाही. मास्तर म्हणाले, "हेही पुस्तकात ठेवलंय, हे बरं केलं."

तक्ता बदलला. प्लेटलेटचा रकाना लहान झाला, रात्रपाळीचा नवीन. मॉर्फिनच्या वेळा भिंतीवर लावल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

रात्रपाळीची सूचना : पोचल्यावर "कसं वाटतंय?" विचारू नका. त्यांना उत्तर शोधत बसावं लागतं. आज कुठे पळालात ते सांगा, सावकाश, वळणावळणाने. काल काकांनी वडाळा डेपो ते बॅकबे असा जुना बसमार्ग थांब्याथांब्याने म्हणून दाखवला. मास्तर मध्येच झोपले. काकांनी शेवटचा थांबा घेऊनच बोलणं थांबवलं.

वहिनींना दुपारी दोन तास बाहेर काढायचं, हेही आता तक्त्यात. त्या जायला तयार नसतात, म्हणून काम सांगून पाठवतो : बँक, गिरणी, शिंपी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परवा पहाटे मास्तर गेले. सिस्टर आणि वहिनी जवळ होत्या. काल शिवडीला दफन, वडिलांच्याच कबरीत, कारण मुंबईत नवी जागा कुठून मिळणार. १८६५ पासूनची दफनभूमी ती. मास्तरांनी चिठ्ठी ठेवली होती : ऑर्गन नको, पेटी आणि टाळ, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं. तरुणांना चाली येत नव्हत्या, म्हाताऱ्यांनी सांभाळून घेतलं. टोळीतले वारकरी घरातले दोघं मात्र पहिल्या कडव्यापासून टाळ धरून बरोबर होते.

आज कोणी धावलं नाही. डब्याची पाळी चालू आहे, पाहुणे बरेच आहेत.

३० नोव्हेंबर, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

दफनानंतरच्या दिवसांत घर भरलेलं असतं, मग एकदम रिकामं होतं. म्हणून प्रकल्प बंद करायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. माझा कोपरा आता सगळ्यांत जड : मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती (भरपूर घ्या, प्रत्येक जण मूळ प्रत मागतो), कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, बँकेतलं नामनिर्देशन, गॅसची जोडणी, सोसायटीचं भागपत्र. वहिनींना प्रत्येक ठिकाणी "मयताशी नातं" लिहावं लागतं. तेवढा रकाना मी भरते, त्या खाली सही करतात.

आज त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून एकावर एक रचलेले डबे दाखवले. "हे घेऊन जा. सगळ्यांना सलाम सांग आणि आता पाठवू नका. मला भाजी चिरू दे गं. सकाळचे दोन तास जातात त्यात." मावश्यांना हे पटायला वेळ लागला. मला लगेच पटलं.

त्या चालायला येतील का, असं टोळीने विचारलं होतं. नाही म्हणाल्या. "पळणं हा त्यांचा प्रांत, माझा नाही." पुन्हा विचारायचं नाही, अशी नोंद.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळच्या गाण्यांची फेरी यंदा त्यांच्या घरी न्यावी का, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी धाकट्याने सरळ जाऊन विचारलं. "या, पण घुंगरांची टोपी घालून येऊ नका आणि दोनच गाणी." दोन म्हटली. तिसरं त्यांनीच सुरू केलं.

बिहारचा मुलगा तिसऱ्या फेरीत आहे. पेशी चांगल्या. धाकट्याशी त्याची क्रिकेटवरून रोज भांडणं.

१८ जानेवारी २०२६, रविवार

मॅरेथॉन. दर वर्षीप्रमाणे एका वडीलधाऱ्यांनी रविवारी उपासना सोडून पळण्याबद्दल ऐकवलं. दर वर्षीप्रमाणे आम्ही संध्याकाळच्या उपासनेला लंगडत पोचलो.

मास्तरांनी हट्टाने नावनोंदणी करून ठेवली होती. त्यांचा बिब (छातीवरचा क्रमांक) लावून कोणीतरी धावावं, अशी कल्पना निघाली. दुसऱ्याच्या नावाचा बिब चालत नाही, तसा नियमच आहे, आणि बेशिस्त त्यांना खपत नसे. मी नाही म्हटलं, वहिनीही नाही म्हणाल्या. विषय संपला.

माझं हिमोग्लोबिन १२.८.

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या एका धावपटूच्या आईला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. मंडळीतली माणसं नव्हेत ही, देवीची माणसं. काही अडत नाही. आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया. घन अन्न उतरत नाही, म्हणून डब्याचे नियम सगळे वेगळे : पातळ, गाळलेलं, थोडं थोडं पण दिवसातून सहा-सात वेळा. मासळीचं कालवण गाळून चालेल का, ते आहारतज्ज्ञांना विचारायचं. म्हातारीला त्याशिवाय काही नको आहे.

वहिनींनी फोन करून डब्याचा कोपरा मागून घेतला. महिला मंडळाने त्यांच्या हाताखाली काम करायचं, अशी अट घातली. मान्य.

या आठवड्याची पाळी : सोमवार ते बुधवार ने-आण काका, गुरुवार धाकटा, शुक्रवार पाळकसाहेबांची गाडी. एसडीपी सध्या लागणार नाही, पण शस्त्रक्रियेसाठी रक्त लागेल, तेव्हा ज्यांच्या मागच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत तीन आणि बायकांच्या बाबतीत चार महिने पूर्ण झालेत त्यांनी सिस्टरकडे नावं द्या. पहिलं नाव माझं घातलं आहे. मेडिक्लेम नाही, जनआरोग्य योजनेतून करायचं आहे : शिधापत्रिका आणि आधारवरचं नाव जुळत नाही, उद्या सकाळी दहाला मी रेशन कार्यालयात.